पाणी गढूळ झालं की ट्रायपॉड उचला

मे महिन्यात या पानाला येणारी पत्रं हिमालयात कुठले बूट न्यायचे यावर असतात आणि मृगाची पहिली सर पडली की अख्ख्या पुण्याला धबधबा हवा असतो. यंदाही तेच. त्यातली बरीच पत्रं मित्रांबरोबर जंगलातल्या धबधब्याला जाऊन फोटो काढण्यावर आहेत, म्हणून हा अंक त्यालाच दिला.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही ऑफिसचे सहा जण, हिंजवडीला कामाला. मागच्या जुलैत ताम्हिणीत एका धबधब्याला गेलो, मी तेव्हा नवीन मिररलेस कॅमेरा घेतला होता. फोटो सगळे वाया गेले, पाणी म्हणजे नुसता पांढरा पट्टा आणि बाजूचं जंगल काळं. वर माझा ट्रायपॉड लागेपर्यंत बाकीच्यांचं भिजून, खाऊन सगळं झालं, ते वैतागून पुढे निघाले आणि मी अर्धा पाऊण तास एकटाच मागे चालत आलो. यंदा जुलैच्या दुसऱ्या शनिवारी देवकुंड ठरलंय. कुठली लेन्स नेऊ आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी ती काळसर काच) किती स्टॉपचा घेऊ? (कोथरूड)

उत्तर: लेन्सचं सांगते, पण आधी ती तारीख बदला.

तुम्ही म्हणाल ताई पण घाबरवायला लागल्या. तसं नाहीये, हे मी फोटोसाठीच सांगतेय. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे पुनर्वसू, आपल्याकडे ज्याला तरणा पाऊस म्हणतात तो, आणि त्याच्यामागून म्हातारा. या दिवसांत सह्याद्रीतला धबधबा फोटोत चांगला दिसतच नाही. पाणी चहासारखं गढूळ, तुषार इतके की तीस चाळीस फुटांवरही लेन्स पुसत बसायचं, धुकं आलं तर समोरचा कडाच गायब, आणि सगळ्या धारा एकत्र होऊन एकच जाड लोंढा झालेला, ज्याला ना आकार ना बारकावा. तुमचा पांढरा पट्टा निम्मा त्यामुळे आलाय. हेच पाणी सप्टेंबरात उत्तरा लागल्यावर बघा, लोंढ्याच्या वेगवेगळ्या धारा होतात, मागचा काळा कातळ दिसायला लागतो, कुंडाचा तळ दिसतो, कडेला तेरडा आणि सोनकी फुललेली असते. मी गेली कितीतरी वर्षं हे सांगतेय आणि दर वर्षी लोक जुलैतच जातात कारण रील जुलैत येतात, असो.

आता देवकुंड. ते रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळ आहे, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून शंभरेक किलोमीटर, आणि भिरा धरणाच्या कडेकडेने जंगलातून दीड दोन तास चालल्यावर येतं. वाटेत ओढे आहेत आणि खरी भानगड तिथे आहे, धबधब्यात नाही. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेएवढं असू शकतं, मग अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. पावसाळ्यात तिथे बहुतेक वर्षी जिल्हा प्रशासनाची बंदी असते, आणि बंदी असताना 'आतल्या वाटेने नेतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्याबरोबर अजिबात जायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा आणि बंदी उठल्यावरच जा, गावातला वाटाड्या घेऊन.

पावसाचा अंदाज बघतानाही लोक एक चूक करतात, मोबाईलवर 'पुणे' बघतात. शिवाजीनगरचा पाऊस आणि घाटमाथ्याचा पाऊस यांचा काही संबंध नाही हो. २५ जुलै २०२४ ला, ज्या दिवशी सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं, शिवाजीनगरला चोवीस तासांत ११४ मिमीच्या आसपास पाऊस होता आणि ताम्हिणीला ५५६ मिमी! पुण्यात अख्ख्या वर्षात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, एका दिवसात. हवामान खातं घाट भागाचा इशारा वेगळा देतं, तो बघायचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर घरी भजी करायची.

एक जुनी गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, जागेचं नाव राहू दे, आम्ही चौघं एका ओढ्यात होतो, मी ट्रायपॉड लावून धारेसमोर बसलेले. बरोबर गावातले एक मामा होते. आल्या आल्या त्यांनी काय केलं तर एक वाळकी काडी घेतली आणि पाण्याच्या अगदी कडेला, दगडाच्या खाचेत उभी खोचली. मला वाटलं काहीतरी देवाचं असेल. मी आपली फ्रेम लावतेय, फोकस बघतेय, वर आभाळ बऱ्यापैकी मोकळं, पाऊस थेंबभर नाही. वीसेक मिनिटांनी मामा म्हणाले, "ताई, काडी गेली." मी म्हटलं थांबा, एकच घेते. ते काही बोलले नाहीत, सरळ येऊन कॅमेऱ्यासकट ट्रायपॉड उचलला आणि वर चालायला लागले. चिडले मी. वर येऊन खाली बघितलं तर पाण्यात पालापाचोळा यायला लागला होता, मग रंग बदलला, आणि पंधरा मिनिटांत मी ज्या दगडावर बसले होते तो दिसेनासा झाला. वरच्या पठारावर पडलेला पाऊस होता तो, आम्हाला दिसलाच नव्हता. तेव्हापासून मी कॅमेरा काढायच्या आधी काडी खोचते. काडी बुडली, पाण्यात पानं-काटक्या यायला लागल्या, पाणी गढूळलं किंवा आवाज नुसता जड झाल्यासारखा वाटला तरी उठायचं, हातातला फोटो अर्धा असला तरी. लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात २०२४ च्या जूनअखेरीस पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं, पाच जण, लहान मुलं होती त्यात. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. ते पोहायला गेले नव्हते, प्रवाहातल्या खडकावर उभे होते फक्त, आणि भोवतीचं पाणी वाढलं.

म्हणून प्रवाहाच्या मधल्या दगडावर ट्रायपॉड नाही म्हणजे नाही. आणि गंमत अशी की तिथून फोटो चांगला येतही नाही, पाण्यात उभा केलेला ट्रायपॉडचा पाय सतत थरथरतो आणि स्लो शटरला सगळं हलतं. खालच्या अंगाला, धबधब्यापासून लांब, बाजूच्या उंच कोरड्या कातळावर बसा. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती, असेल तर चालेल, ७०-२०० किंवा ७०-३०० मिमीची झूम लेन्स असेल तर जास्तच चांगलं. झूम लावून एकच धार, एक ओला दगड, त्याच्यावर लोंबणारं नेचं, असं घ्या. अख्खा धबधबा सगळेच घेतात आणि सगळ्यांचा सारखाच येतो.

आता एनडी. तुम्हाला बहुतेक लागणारच नाही! ढगाळ सकाळ, दाट झाडी, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) १००, एफ ११ (लेन्सचं भोक बारीक) ठेवलंत की शटर आपोआप १/८ किंवा १/१५ सेकंदाच्या आसपास येतं. त्यावर पोलरायझर लावला, म्हणजे तो गोल फिरणारा सीपीएल, की तो दीड दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि तुम्ही १/४ पाशी पोचता. धबधब्याला १/४ ते अर्धा सेकंद मला सगळ्यात आवडतं, धार रेशमासारखी होते पण तिचा पोत राहतो. चार पाच सेकंद ठेवलंत की कापूस. दहा स्टॉपचा एनडी लोक हौसेने घेतात आणि मग कपाटात पडतो, त्यापेक्षा तेच पैसे चांगल्या पोलरायझरला घाला. त्याचा खरा उपयोग पाण्यासाठी नाहीच, ओल्या पानांवर आणि कातळावर जी पांढरी चकाकी असते ती तो काढतो आणि मग हिरवा रंग असा काही बाहेर येतो की विचारू नका. फक्त इंद्रधनुष्य पडलं असेल तर फिल्टर जपून फिरवा, एका बाजूला फिरवला की धनुष्यच गायब होतं.

पांढऱ्या पट्ट्याचं दुसरं कारण म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याने काळं जंगल बघून एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, वाढवलं आणि पाणी जळालं. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि एक्स्पोजर उणे एकपर्यंत खाली आणा, जंगल नंतर उजळता येतं, जळालेलं पाणी परत येत नाही. आणि सकाळी जा. आपले कोकणात पडणारे बहुतेक कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी तिथे सावली असते, सगळीकडे सारखा मऊ उजेड. दुपारी थेट ऊन पडलं की पाणी आणि सावली दोन्ही एका फोटोत बसतच नाही. सप्टेंबरअखेर हस्त लागला की दुपारी तीननंतर गडगडाट सुरू होतो, त्यामुळे सकाळ दोन्हीकडून बरी.

राहिलं तुमच्या मित्रांचं. यात चूक थोडी तुमची पण आहे हं. फोटोवाला माणूस 'दोन मिनिटं' म्हणतो आणि चाळीस घेतो, हे मी माझ्या नवऱ्याकडून पंचवीस वर्षं ऐकतेय. पोचल्या पोचल्या पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांचे फोटो काढून टाका, ग्रुपचा, जोडीचा, उडी मारतानाचा, जो पाहिजे तो. मग ते खूष, आणि तुम्हाला पाऊण तास मोकळा. तो पाऊण तास निघायच्या आधीच ग्रुपवर सांगून ठेवायचा आणि घड्याळ लावून पाळायचा. शिवाय एक भिडू तुमच्या शेजारी बसलाच पाहिजे, काडीवर नजर ठेवायला, कारण डोळा कॅमेऱ्याला लावला की कान पण बंद होतात. आणि जंगलात शेवटच्या माणसाला सोडून पुढे जायचं नाही, हे त्यांना माझं नाव सांगून सांगा. सहा गेले तर सहाच एकत्र परत.

निघताना खालच्या गावात जेवणाची ऑर्डर देऊन जा. पिठलं-भाकरी मिळते म्हणून तर आहेच, पण सहा ताटं अडीच वाजता सांगितली की गावात एका घराला तरी माहीत असतं की सहा जण वर गेलेत आणि अडीचला यायचेत. साडेतीन वाजले तरी कुणी आलं नाही तर ती काकू ओट्यावर येऊन बघते. असली सोय कुठल्याही ॲपमध्ये नाही.

प्रश्न: माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त फोन. तसा 'दुधासारखा' फोटो येईल का? फोन वॉटरप्रूफ आहे. (सिंहगड रोड)

उत्तर: येईल की. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, नंतर गॅलरीत त्याच फोटोला लाँग एक्स्पोजर करता येतं. अँड्रॉइडमध्ये प्रो मोडला जाऊन शटर १/४ करा, आयएसओ सगळ्यात कमी. हात हललेला चालत नाही, फोन सॅकवर किंवा दगडावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बोट ओलं असलं की स्क्रीन ऐकत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने क्लिक करायचं. काढायच्या आधी लेन्स सुती रुमालाने पुसा, खिशातल्या फोनच्या लेन्सवर तेलकट बोटं असतात आणि मग फोटो धुकट येतो, लोकांना वाटतं धुकंच होतं.

वॉटरप्रूफचं मात्र मनातून काढून टाका. आयपी ६८ ची, म्हणजे फोनच्या त्या पाणीरोधक दर्जाची, चाचणी साध्या स्थिर पाण्यात होते, वरून आदळणाऱ्या धारेत नाही, आणि फोन एकदा पडलेला असेल, काच बदललेली असेल तर ते सीलही राहिलेलं नसतं. पाणी शिरून बिघडला तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. किराणा मालाच्या झिपवाल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न: धबधब्याला पोचल्यावर माझी लेन्स आतून धुकटते, अर्धा तास जातो. घरी आल्यावर दोन महिन्यांनी त्याच लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. लेन्स खराब निघाली का? (औंध)

उत्तर: लेन्स चांगली आहे, तुमच्या गाडीचा एसी जोरात आहे. गार झालेली काच दमट हवेत बाहेर काढली की त्यावर पाणी धरतंच, फ्रिजमधल्या तांब्यासारखं. माझा एक अख्खा ताम्हिणीचा सूर्योदय असा गेलाय, पुसतेय पुसतेय आणि परत तेच, आणि उजेड कुणासाठी थांबत नाही. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा, कॅमेरा बॅगेत चेन लावून तसाच राहू दे, बाहेरच्या हवेला आल्यावरच काढा.

ते जाळं म्हणजे बुरशी आहे. ओली बॅग घरी आणून कपाटात ठेवलीत ना? ट्रेकहून आल्यावर आंघोळीच्या आधी कॅमेरा, लेन्स, कव्हर सगळं बाहेर काढून रात्रभर पंख्याखाली ठेवायचं. मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेल टाकून. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल पिऊन झाली, कढईत मंद आचेवर परतले की परत निळे होतात (ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही, आमच्याकडे यावरून भांडण झालेलं आहे). डब्यात तांदूळ टाकू नका, पिठूर कण आत जातात. बुरशी आता आहे ती दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या, आणि तोवर ही लेन्स बाकीच्या लेन्सशेजारी ठेवू नका.

प्रश्न: ताम्हिणीत ड्रोन उडवला तर चालेल का? (बाणेर)

उत्तर: ताम्हिणीचा बराच भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. आणि परवानगी मिळाली तरी बाकीच्यांना पाण्याचा आवाज ऐकू दे की.

प्रश्न: मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, दर शनिवारी 'मित्रांबरोबर फोटो काढायला' म्हणून जातो, कुठे ते विचारलं की 'वेल्ह्याकडे' एवढंच. फोन लागत नाही. जाऊ नको म्हटलं की न सांगता जातो. काय करावं? (सदाशिव पेठ)

उत्तर: जाऊ नको म्हणू नका, आमच्या वेळच्या आईवडिलांनी ते करून पाहिलंय. तीन गोष्टी कागदावर लिहून मागा, त्याही भांडण न करता: नेमकी जागा आणि गाडी लावणार ते गाव, बरोबरच्या दोघांचे नंबर, आणि किती वाजता रेंजमध्ये येऊन फोन करणार. त्या वेळेनंतर दोन तास वाट बघायची, मग मित्रांच्या घरी, आणि तरी पत्ता नसेल तर ११२. रेंज नसणं हे त्या भागात नॉर्मल आहे, लगेच जीव खाली वर करू नका.

आणि त्याला एकदा तुम्ही स्वतः घेऊन जा ना. मढे घाटाला जा, वेल्ह्यावरून केळदला, गाडी जवळपर्यंत जाते. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला याच वाटेने नेला म्हणून मढे घाट, असं सांगतात. तिथला लक्ष्मी धबधबा घाटाच्या कड्यावरून कोकणात पडतो, वाऱ्याच्या दिवशी पाणी उलटं वर उडतं. कड्याच्या टोकाला मात्र कुणीच जायचं नाही, गवत ओलं असतं आणि खालचा कडा दिसत नाही. किंवा गाडी नको असेल तर लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाज्याला चाला, लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत आणि धबधबा वाटेवरच आहे. रविवार सोडून जा, रविवारी तिथे धबधब्यापेक्षा माणसं जास्त. मुलगा फोटो कसे काढतो ते बघा, शिकवायला सांगा. पुढच्या शनिवारी तो आपणहून सांगेल कुठे चाललाय ते.

प्रश्न: जळवांची फार भीती वाटते, बाकी सगळी तयारी आहे. काही उपाय? (हडपसर)

उत्तर: जळू चावली तर दुखत नाही, हीच तिची मेख आहे, घरी येऊन मोजे काढले की कळतं. लांब मोजे घाला, पॅन्ट त्यात खोचा, मोज्यांना बाहेरून मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. बूट पकड असलेले हवेत, ट्रेकला निघालेल्या निम्म्या पुण्याच्या पायात असतात ते ॲक्शनचे चालतील, चपला नकोत. चिकटली तर ओढू नका, नखाने कडेकडेने सरकवून सोडवा, नाहीतर चिमूटभर मीठ टाका की सुटते. जखम धुवा, रक्त थोडा वेळ येत राहतं, त्याला घाबरायचं नाही, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. जास्त वेळ एका जागी ओल्या पाचोळ्यात बसलं की त्या चढतात, आणि एका जागी बसून राहणारा माणूस ग्रुपमध्ये एकच असतो, फोटो काढणारा.